मूळ, टीका आणि हरताळ : वाग्नरच्या नाट्यचतुष्टयाचे प्रयोग

पोथ्यांच्या शोधांत ज्यांचा जन्म गेला त्यांच्यापुढें एका जर्मन संगीतनाटकाचा विषय मांडणें प्रथमदर्शनीं अप्रस्तुत वाटेल, हें आम्ही जाणून आहों. परंतु रिखार्ड वाग्नर याच्या 'निबेलुंगाची अंगठी' या नाट्यचतुष्टयाविषयीं युरोपांत पिढ्यान्‌पिढ्या जो वाद चालत आला आहे, तो तपासून पाहतां त्याचें स्वरूप आमच्या नित्याच्या वादांहून भिन्न नाहीं असें आम्हांस दिसून आलें. मूळ कोठें संपतें व टीका कोठें सुरू होते; ग्रंथकर्त्यानें स्वतःच एकाहून अधिक पाठ मागें ठेविले असतां प्रमाण कोणता धरावा; आणि मुळांत कांहीं अनुचित आढळल्यास संपादकानें तें झांकावें, गाळावें कीं उघडें ठेवावें, हे ते प्रश्न होत. यांपैकीं तिसरा सर्वांत नाजूक आहे, व त्यासाठींच आम्ही लेखणी उचलली आहे.

आरंभींच एक कबुली देणें अवश्य आहे. बायरॉइट येथील नाट्यगृह आम्हीं पाहिलेलें नाहीं. आम्हीं पाहिले ते चित्रमुद्रित प्रयोग, आणि तेहि जर्मन संहिता मांडीवर उघडी ठेवून, जेथें अडेल तेथें थांबून. संगीताचें आमचें ज्ञान श्रोत्याचें आहे. गाणारे कसे गायले याविषयीं म्हणूनच आम्ही मौन पाळूं. संहिता व प्रयोग यांच्या संबंधापुरतें मात्र बोलण्याचा अधिकार जन्मभर टीकाग्रंथ शिकविणाऱ्या मनुष्यास असावा.

कथा चार रात्रींत पसरलेली असून प्रयोगास सुमारें पंधरा तास लागतात. आल्बेरिख नांवाचा एक खुजा निबेलुंग प्रेमाचा त्याग करून ऱ्हाइन नदींतील सोनें हरण करतो व त्याची जगावर सत्ता देणारी अंगठी घडवितो. देवांचा राजा वोटान ती कपटानें हिरावून घेतो. अंगठीस शाप लागतो. पुढें वोटानाची मुलगी ब्रुन्हिल्ड, वीर जीगफ्रीड, त्यास वाढविणारा आल्बेरिखाचा भाऊ मीमं, असे एकामागून एक सर्व त्या शापांत सांपडतात, आणि शेवटीं अग्नि व महापूर यांत देवांचें स्वर्गगृह नष्ट होतें.

ही कथा वाग्नरास कोठून मिळाली, येथें आमच्या वाचकांस खरा रस वाटेल. इ. स. १२७० च्या सुमारास आइसलंडांत लिहिलेली एक चर्मपत्राची लहानशी पोथी आहे. तींत प्राचीन उत्तरेकडील देवांचीं व वीरांचीं काव्यें आहेत. बिशप ब्रिन्यॉल्फुर यानें ती इ. स. १६४३ मध्यें मिळविली व १६६२ मध्यें डेन्मार्कच्या राजास नजर केली. तेव्हांपासून ती कोपनहेगन येथें 'राजपोथी' या नांवानें राहिली. इ. स. १९७१ मध्यें ती जहाजानें आइसलंडास परत गेली. विमानाचा भरंवसा धरवला नाहीं! पोथी जपणाऱ्यास ही काळजी समजेल. तिचीं आज ४५ पानें आहेत, ८ पानें गहाळ आहेत. आणि दैवदुर्विलास असा कीं, गहाळ झालेलीं पानें नेमकीं वीर सिगुर्ड व ब्रिन्हिल्ड यांच्या कथेच्या मध्यावरचीं आहेत. ब्रिन्हिल्ड जागी झाल्यानंतर काय झालें, दोघांचें वचन कसें मोडलें, हें त्या काव्यांच्या शब्दांत आज कोणासहि ठाऊक नाहीं. ती पोकळी 'व्होल्सुंग-सागा' या गद्यकथेवरून भरून काढावी लागते.

जर्मनीतील 'निबेलुंगांचें गीत' हा दुसरा आधार. इ. स. १७५५ मध्यें होहेनएम्स येथें त्याची विस्मृत पोथी सांपडली. पुढें पूर्ण व खंडित मिळून तीसांहून अधिक प्रती ज्ञात झाल्या व त्यांपैकीं तीन मुख्य प्रतींस अ, ब, क अशीं नांवें पडलीं. कार्ल लाखमान यानें अ प्रत मूळाशीं निकटची मानली. आडोल्फ होल्त्समान यानें १८५४ मध्यें क प्रतीचा कैवार घेतला. हे दोघेहि आम्हांस परके नाहींत. लाखमानाच्या नांवानें जी पाठचिकित्सेची पद्धति ओळखली जाते, तिचाच वारसा पुण्यास भांडारकर संस्थेंत १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीस, आपल्या पोथ्यांच्या स्वभावास अनुसरून फेरफार करून कां होईना, लाभला. आणि होल्त्समानानें महाभारतांतील आख्यानें 'भारतीय कथा' या नांवानें जर्मन पद्यांत आणलीं होतीं; १८५५ मध्यें लंडनच्या धुक्यांत त्रासलेल्या वाग्नरास त्यांच्या वाचनानेंच विरंगुळा मिळाला.

तात्पर्य, वाग्नर हा आद्यकवि नव्हे. तो संकलनकार होय. त्यानें उत्तरेची व दक्षिणेची परंपरा एकत्र केली, गहाळ पानांच्या जागीं स्वतःचें लिहिलें, आणि जेथें दोन कथा जुळत नव्हत्या तेथें सांधा घातला. आपल्याकडे आख्यानकवींनीं हेंच केलें. म्हणून प्रयोगकारानें कथेस हात लावतांच 'प्राचीन पुराण भ्रष्ट केलें' म्हणून जो आक्रोश होतो तो फारसा सयुक्तिक नाहीं. पुराण आधींच वाग्नरानें आपल्या हातानें फिरविलें आहे. वाद असेल तर तो वाग्नरच्या पाठाचा आहे.

पण तो पाठ तरी एकच आहे काय? वाग्नरानें हें काव्य उलट्या क्रमानें लिहिलें. प्रथम १८४८ मध्यें जीगफ्रीडाच्या मृत्यूचें नाटक. मग त्याची पूर्वपीठिका पाहिजे म्हणून १८५१ मध्यें तरुण जीगफ्रीडाचें. मग १८५२ मध्यें आधींचीं दोन. १८५३ च्या फेब्रुवारींत त्यानें सर्व काव्याच्या ५० प्रती खासगी रीतीनें छापविल्या व झ्यूरिख येथें चार रात्री स्वतः वाचून दाखविल्या. संगीत पुरें व्हावयास १८७४ चा नोव्हेंबर उजाडला. मध्यंतरीं पाव शतक गेलें, मनुष्य बदलला, आणि त्याचें मत बदलल्याच्या खुणा संहितेंत राहून गेल्या.

सर्वांत मोठी खूण शेवटाची आहे. १८४८ च्या पाठांत देवांचा नाश होतच नाहीं; ब्रुन्हिल्ड मृत वीरास घेऊन वोटानाकडे जाते व त्याची सत्ता निर्वेध राहते. १८५२ च्या पाठांत देव नष्ट होतात व ब्रुन्हिल्ड संपत्ति, सत्ता, करारमदार या सर्वांहून प्रेम श्रेष्ठ असल्याचें सांगते; येथें फॉयरबाख या तत्त्वज्ञाची छाया आहे. पुढें वाग्नरानें शोपेनहौअर वाचला, बौद्ध मताचा फ्रेंच पंडित ब्यूर्नुफ याचा ग्रंथ वाचला, आणि १८५६ मध्यें तिसरा शेवट रचला. त्यांत ब्रुन्हिल्ड तृष्णा व माया यांचें घर सोडून पुनर्जन्मापासून सुटल्याचें बोलते! ऱ्हाइनच्या तीरावर हें वेदान्त-बौद्धांचें बोलणें ऐकून संस्कृतज्ञाच्या भुंवया वर गेल्यावांचून राहत नाहींत. अखेर वाग्नरानें हे दोन्ही उपदेश संगीतांत बसविले नाहींत. जें सांगावयाचें तें वाद्यवृंदावर सोंपविलें. आणि गाळलेल्या ओळी मात्र आपल्या समग्र ग्रंथावलींत टीपेच्या रूपानें जपून ठेविल्या. ग्रंथकर्त्यानें स्वतःच पाठभेद तळटीपेंत द्यावे, याहून चिकित्सकास अधिक काय हवें?

त्याचा मित्र ऑगुस्ट रॉकेल तुरुंगांत होता. सोनें नदीस परत मिळाल्यावर देव कां मरावे, अशी साधी पण मर्मभेदी पृच्छा त्यानें केली. १८५४ च्या जानेवारींतील लांबलचक उत्तरांत वाग्नरानें ती अपरिहार्यता तर्कानें सिद्ध करण्यापेक्षां भावनेवर सोंपविली. आणि १८५६ मध्यें त्याच मित्रास त्यानें कळविलें कीं, कलावंत आपल्या कृतीसमोर कोड्यासमोर उभें राहावें तसा उभा राहतो, व तिच्या अर्थाविषयीं त्याचीहि फसगत होऊं शकते. 'वाग्नरच्या मनांत होतें तसें करा' असें म्हणणाऱ्यांनीं हें पत्र उशाशीं ठेवावें.

आतां रंगसूचनांकडे वळूं. आमच्या नाटकांतील सूचना नटास उद्देशून असतात. रथाचा वेग अथवा झाडांस पाणी घालणें नटानें अभिनयानें दाखवावें, एवढेंच कवि 'नाट्येन' या एका पदानें सुचवितो. रथ आणा, झारी आणा, असें तो म्हणत नाहीं. वाग्नरच्या सूचना याच्या अगदीं उलट. पाण्याखालीं पोहणाऱ्या कन्या, इंद्रधनुष्याचा पूल, अजगर, घोडा, ज्वाळांचें कुंपण, आणि शेवटीं एकाच वेळीं आग व पूर! १८७६ च्या ऑगस्टांत बायरॉइट येथें पहिला पूर्ण प्रयोग झाला तेव्हां यंत्रांनीं दगा दिला, कर्ज झालें, आणि कर्ता स्वतः त्या दृश्यांवर असंतुष्ट राहिला. तरी त्याच्या मृत्यूनंतर त्याची पत्नी कोझिमा हिनें १८९६ मध्यें नाटक पुन्हां उभें केलें तें पतीची रीत हाच वेद मानून. आडोल्फ आप्पिया नांवाच्या स्विस कलावंतानें प्रकाश व साध्या उंच-सखल जागा एवढ्यावर नाटक उभारण्याची योजना मांडली. तिला तेथें थारा मिळाला नाहीं.

आमच्या मतें येथें एक भेद करणें अवश्य आहे, व तो भेद कागदावरच्या अक्षरांत नसून स्वरलिपींत आहे. कांहीं सूचना वाद्यें स्वतः बोलतात. पहिल्या नाटकांत देव खालीं निबेलुंगांच्या खाणींत उतरतात तेव्हां स्वरलिपींत १८ ऐरणी लिहिलेल्या आहेत, व त्यांचा ठणठणाट वाद्यवृंद थांबल्यावरहि ऐकूं येतो. त्या दृश्यांत प्रयोगकारानें खाण न दाखवितां कचेरी दाखविली, तरी ऐरणी श्रोत्याच्या कानांत वाजणारच. अशा सूचना मूळाचा भाग होत. ज्या केवळ छापील कंसांत आहेत, म्हणजे कोणाच्या अंगावर कोणतें कातडें असावें, खडक डावीकडे कीं उजवीकडे, त्या त्या काळच्या प्रयोगाची विधि होत. त्या बदलण्यास हरकत नाहीं. जुन्या रीतीचे अभिमानी हा भेद करीत नाहींत आणि नव्या रीतीचे अभिमानीहि करीत नाहींत, म्हणून वाद मिटत नाहीं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संस्थेनें ऑटो शेंक याच्याकडून १९८६ पासून बसवून घेतलेला प्रयोग २००९ पर्यंत चालला. त्यांत खडक तो खडक व भाला तो भाला होता. लोकांस तो अतिशय आवडे. आम्हांसहि पाहतांना सुख झालें, परंतु चांगल्या अक्षराची नक्कल पाहून होतें तेवढेंच.

आतां नाजूक प्रश्न. १८५० मध्यें वाग्नरानें टोपण नांवानें संगीतांतील यहुदी लोकांविरुद्ध एक द्वेषपूर्ण लेख लिहिला व १८६९ मध्यें स्वतःच्या नांवानें तो पुनः छापला. म्हणजे ती तारुण्यांतील चूक म्हणून सोडून देण्याची सोय त्यानेंच ठेविली नाहीं. नाटकांत 'यहुदी' हा शब्द कोठेंहि नाहीं. परंतु मीमंचें किरकिरें गाणें, त्याचें वांकडें चालणें, त्याची लोचट विनवणी, या सर्वांत त्या लेखांतील वर्णनें ऐकूं येतात असें अनेकांस वाटलें. संगीतकार माहलर, जो स्वतः यहुदी कुळांत जन्मला होता, त्यासहि मीमं हें यहुद्याचें विडंबन आहे याविषयीं शंका नव्हती. आडोर्नो यानें १९५२ मध्यें हीच गोष्ट विस्तारानें मांडली. दुसरे विद्वान हें नाकारतात. आम्हांस दोन्ही बाजू वाचून असें वाटलें कीं, मीमंच्या स्वरांत एक निष्ठुर हंसें आहे, तें कोणाला उद्देशून आहे हें त्या काळच्या श्रोत्यास कोणी सांगावें लागत नव्हतें.

पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. वाग्नरच्या घराण्याचा हिटलरशीं घरोबा झाला. १९३९ च्या एप्रिलांत त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं जर्मन उद्योगपतींनीं त्यास वाग्नरच्या स्वहस्तलिखित स्वरलिपी नजर केल्या. 'रिएन्झी' व तीआधींच्या दोन कृतींबरोबरच या चतुष्टयांतील पहिल्या दोन नाटकांच्या प्रती त्यांत होत्या. युद्धाच्या शेवटीं त्या सुरक्षित जागीं हलवाव्या म्हणून बायरॉइटकडून विनंति गेली. ती मान्य झाली नाहीं. १९४५ नंतर त्या कोणीं पाहिल्या नाहींत. एक मनुष्य आपली म्हणून पोथी कवटाळून बसतो व तिच्यासह बुडतो, ही गोष्ट त्या पोथींतल्याच कथेसारखी आहे, हें लिहितांना आम्हांस त्यांत कांहीं चमत्कृति वाटत नाहीं; दुःखच वाटतें.

१९५१ मध्यें बायरॉइट पुन्हां उघडलें तेव्हां नातू वीलांड वाग्नर यानें रंगभूमि धुऊन काढली. खडक गेले, शिरस्त्राणें गेलीं. उरली एक वर्तुळाकार उतरती बैठक व प्रकाश. आप्पियाचें स्वप्न उशिरां फळास आलें. आणि त्याच वर्षीं प्रेक्षकांस विनंति करण्यांत आली कीं, उत्सवांत राजकीय चर्चा करूं नये, येथें केवळ कलेचा विचार आहे. त्या प्रयोगाचीं छायाचित्रें आम्हीं वारंवार पाहिलीं. तीं सुंदर आहेत. वीलांडाच्या प्रतिभेविषयीं आम्हांस शंका नाहीं, आणि त्यानें संगीतास मोकळें केलें हेंहि खरें. तरी त्या मोकळ्या बैठकीकडे पाहतां पाहतां आम्हांस जुन्या पोथीवरील हरताळ आठवला.

त्याचें कारण सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका गृहस्थाच्या माजघरांतील पेटींत आम्हांस एक आख्यानाची पोथी मिळाली. तिच्या एका पानावर तीन ओळींवर हरताळ फासलेला होता. पान तिरपें धरून उजेडाकडे केलें तेव्हां खालचीं अक्षरें दिसलीं. एका ज्ञातीविषयीं त्यांत अशी निंदा होती कीं ती मोठ्यानें वाचवेना. मागच्या कोणा मालकास लाज वाटून त्यानें ती झांकली असावी. त्याचा हेतु वाईट नव्हता. आम्ही तेव्हां तरुण होतों. नक्कल करतांना आम्हीं त्या ओळी गाळल्या, आणि गाळल्याची खूणहि ठेविली नाहीं. पुढें मूळ पोथी वाळवीनें गेली. आज आमची नक्कल हीच एकमेव प्रत आहे, आणि ती तो कवि होता त्याहून सभ्य कवि दाखविते. हरताळ फासणाऱ्यानें निदान पिवळा डाग तरी ठेविला होता. आम्हीं तोहि ठेविला नाहीं.

१९७६ मध्यें शताब्दीच्या निमित्तानें पात्रीस शेरो या तरुण फ्रेंच प्रयोगकारानें बायरॉइट येथें तें पान तिरपें धरलें. ऱ्हाइनवर त्यानें विजेचें धरण दाखविलें, देवांस एकोणिसाव्या शतकांतील धनिकांचीं वस्त्रें दिलीं. प्रेक्षागृहांत शिट्ट्या झाल्या, पत्रकें वांटलीं गेलीं. पण त्याच्या टीकेस मूळांत आधार नव्हता काय? वाग्नर १८४९ च्या ड्रेस्डेनच्या बंडांत सामील होता व त्यापायीं परागंदा झाला होता. १८७७ मध्यें लंडनच्या गोद्या व धूर पाहून, आल्बेरिखाचें स्वप्न येथें खरें झालें आहे, असें तो म्हणाल्याचें कोझिमाच्या रोजनिशींत नमूद आहे. बर्नार्ड शॉ यानें १८९८ मध्येंच आल्बेरिखास कारखानदार ठरविलें होतें. मल्लिनाथानें आपल्या टीकेच्या आरंभीं जी प्रतिज्ञा केली, कीं मूळांत नाहीं तें लिहिणार नाहीं व अपेक्षित नाहीं तें बोलणार नाहीं, ती शेरोनें येथें पाळली असें आमचें मत आहे.

विशेषतः त्याचा मीमं पाहावा. हाइन्त्स त्सेड्निक या नटानें तो उभा केला. त्यानें संहितेंतील एकहि कुत्सित स्वर गाळला नाहीं, पण तो भयभीत, कष्टी, पोराच्या माराला सोकावलेला एक लहान माणूस झाला. आणि मग जीगफ्रीडाची त्याच्याविषयींची शिसारी आपल्यालाच शिसारी आणते. निंदा झांकली गेली नाहीं. निंदक दिसूं लागला. मूळांतील ओळ उघडी ठेवून टीका करणें म्हणतात तें हें. १९८० मध्यें या प्रयोगाच्या अखेरच्या रात्रीं टाळ्यांचा गजर तासाहून अधिक वेळ चालला होता.

पुढील प्रयोगांविषयीं थोडक्यांत. फ्रांक कास्टोर्फ यानें २०१३ मध्यें सोन्याच्या जागीं खनिज तेल कल्पिलें, व अमेरिकेंतील डोंगरावर कोरलेल्या अध्यक्षांच्या मुखांऐवजीं मार्क्स, लेनिन, स्टालिन, माओ यांचीं मुखें उभीं केलीं. कल्पना सुचते, पण पुढें रंगमंचावर मगरी येतात तेव्हां टीकाकार वाचकाची चेष्टा करीत आहे असें वाटूं लागतें. २०२२ मध्यें व्हालेंटीन श्वार्त्स यानें अंगठीच्या जागीं एक बालक कल्पिलें. गायक 'अंगठी' म्हणतो व आपण मूल पाहतों. ही टीका मूळाशीं अडते, अनेक ठिकाणीं तिला अर्थच लागत नाहीं. तरी एक लक्षांत घ्यावें कीं शब्द व स्वर तिनें अभंग ठेविले. वाईट टीका पुढल्या वर्षीं बाजूस ठेवितां येते. म्हणून आमच्या तराजूंत तिचें पाप वीलांडाच्या सुंदर मौनाहून हलकें भरतें. हें मत पुष्कळांस रुचणार नाहीं.

कोपनहेगन येथें कास्पर होल्टन यानें २००६ मध्यें पूर्ण केलेला प्रयोग या त्रैमासिकाच्या वाचकांनीं आवर्जून पाहावा. त्यांत ब्रुन्हिल्ड घराण्याच्या जुन्या कागदपत्रांत शोध घेत बसते, आणि सारें चतुष्टय म्हणजे तिला त्या दप्तरांत सांपडलेली आपल्या बापाची हकीकत होय. हें मूळांत नाहीं. परंतु दुसऱ्या नाटकांत वोटान आपलें सर्व कपट एकट्या तिलाच सांगतो, आणि शेवटीं सर्व कांहीं जाणणारी म्हणून तीच उभी राहते. त्यामुळें ही कल्पना मूळाच्या पोटांतून निघाली आहे. पहिल्याच नाटकांत आल्बेरिख ज्या रीतीनें सोनें हरण करतो तें दृश्य रक्तरंजित आहे, दुर्बल मनाच्या वाचकांनीं सांवध असावें.

शेवटाचें एक सांगावयाचें राहिलें. छापील सूचनेप्रमाणें आकाशांत देवांचें घर जळत असतां उरलेले स्त्रीपुरुष स्तब्ध होऊन तें पाहतात. ते काय समजले, हें वाग्नरानें लिहिलें नाहीं. त्याचे दोन्ही उपदेश तर तळटीपेंत गेले. शेरोनें तेथें आपल्याकडून एकच गोष्ट केली. जळतें आकाश पाहून झाल्यावर त्याची गर्दी हळूहळू वळते, आणि संगीत संपत आलें असतां प्रेक्षकांकडे तोंड करून पाहत राहते.